यादीत नसलेला भाग

मुलांनो, जरा कल्पना करा. तुम्ही अकरा वर्षांचे आहात आणि तुमच्या घरी एक भलाथोरला कॉम्प्युटर आला आहे. तयार आणलेला नव्हे. त्याचे सुटे भाग खोक्याखोक्यांनी आले आणि तुम्ही ते स्वतःच्या हातांनी जोडलेत. शेवटचा स्क्रू तुम्हीच आवळला, बटण दाबायचा मानही तुमचाच. पंखे घुमू लागले, पडदा उजळला, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आणि मग खरं अवजड काम सुरू केलं, तर विसाव्या मिनिटाला, कुणी पाठीमागून दिवा मालवावा तसं, सगळं बंद. पुन्हा चालू केलं. पुन्हा बंद. ना काही आवाज, ना पडद्यावर एखादा शब्द.

काय कराल तुम्ही? यंत्राला थापट्या माराल? की कुणावर तरी खापर फोडून मोकळे व्हाल?

थांबा. नेवेनाची गोष्ट आधी ऐका.

नेवेना दूरच्या एका देशात, स्तारा झागोरा शहरात, एका उंच इमारतीत चौथ्या मजल्यावर राहायची. बाबा ट्रक घेऊन परदेशात, सहा-सहा आठवडे घराबाहेर. आई झ्लातिना घरीच काम करायची. जमिनीखालून निघालेल्या, रंगीत खड्यांच्या जुन्या फरशांचे ती हजारो फोटो काढायची आणि कॉम्प्युटरवर ते असे जुळवायची, की पडद्यावर तुम्ही त्या सोळाशे वर्षांपूर्वीच्या दालनात चालत फिरू शकाल. संग्रहालयाचं नवं दालन एप्रिलच्या सुरुवातीला उघडणार होतं. त्याचं काम तिला मिळालं होतं. एवढं मोठं काम पहिल्यांदाच. जुन्या कॉम्प्युटरच्या आवाक्यातलं ते नव्हतं, म्हणून हा नवा.

तो जोडायला मेतोदी आला होता. मेतोदी म्हणजे ह्या घराचा कूम. आईबाबांच्या लग्नात त्यांच्या डोक्यांवर मुकुट ठेवणारा तोच, आणि नेवेनाच्या बाप्तिस्म्याला तिला पाण्यातून हातांवर उचलून घेणाराही तोच. कूमचा मान सख्ख्या भावाहून मोठा. त्यानं आणलेला पाव कुणी हुंगून पाहत नाही. नेवेना त्याला धर्मबाबा म्हणायची.

शाळांमधले आणि वाचनालयांतले कॉम्प्युटर दुरुस्त करणं हा त्याचा धंदा. नेवेना सात वर्षांची असल्यापासून त्याच्या मांडीशी बसून बघायची. त्यानंच तिला चौकटींची वही दिली होती आणि तीन नियम शिकवले होते.

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्यास, तर कशामुळे फरक पडला ते देवालाही सांगता येणार नाही. दुसरं, डोळ्यांनी पाहिलंस तेच लिही. वाटतं ते लिहू नकोस. आणि तिसरं, वहीत खोडरबर चालायचं नाही. चुकलं, तर वरून एक रेघ मार आणि खाली बरोबर लिही. चूक दिसली पाहिजे."

शिवाय त्याची स्वतःची एक खूण होती. एखादा भाग बिघडलेला निघाला, की निळ्या पेनानं तो त्यावर गोल काढायचा आणि गोलात फुली मारायचा. फुलीचं एक टोक नेहमी गोलाबाहेर जायचं.

"अशी खूण कशाला, धर्मबाबा? सरळ फेकून का देत नाही?"

"घाईत माझाच हात मला फसवील, पोरी. खूण दिसली की हात थांबतो."

फेब्रुवारीतल्या शेवटच्या शनिवारी त्यांनी यंत्र जोडलं. मेमरीच्या पट्ट्या नेवेनानं बसवल्या. प्रोसेसरवर थंडावा देणारा लेप तिनं लावला, मटारच्या दाण्याएवढाच. नऊ भागांची नऊ नवीकोरी खोकी भिंतीशी रचून ठेवली होती. दहावा भाग, पॉवर सप्लाय, म्हणजे भिंतीतली वीज घेऊन सगळ्या यंत्राला वाटून देणारा लोखंडी डबा, मेतोदीनं काखेत मारून आणला. त्याचे पैसे आईनं त्याच्याकडे आधीच दिले होते.

"ह्याचं खोकं?" नेवेनानं विचारलं.

"गाडीत जागा अडवत होतं, फेकलं. ह्याला तू हात लावायचा नाहीस हं. प्लग काढला तरी आत वीज दबा धरून बसते. हा डबा उघडायचा नाही, कधीच नाही."

एवढं मात्र त्यानं खरं सांगितलं होतं, मुलांनो. तुम्हीही लक्षात ठेवा.

मग मार्चची पहिली तारीख उजाडली. त्या दिवशी तिथे जो तो एकमेकांच्या मनगटाला लाल-पांढऱ्या लोकरीचा गोंडा बांधतो, आरोग्य लाभो म्हणून. कोकरांना बांधतात, नव्या रोपांना बांधतात. नेवेनानं आईला बांधला, शेजाऱ्यांच्या कुत्र्याला बांधला, मेतोदीच्या केसाळ मनगटाला बांधला. आणि मग तिला वाटलं, ह्या घरात सगळ्यात नवं बाळ कोण? तिनं यंत्राचं झाकण उघडलं आणि आतल्या पुढच्या चौकटीला, पंख्यांपासून वीतभर लांब, एक छोटा गोंडा बांधला.

तीन तारखेला आईनं पहिल्यांदा मोठं काम लावलं. विसाव्या मिनिटाला यंत्र बंद.

पुढच्या चार दुपारी नेवेना शाळेतून आली की दप्तर टाकून वही उघडायची. आई झाकण काढायची, नेवेना बघायची आणि लिहायची. मेमरीची एकच पट्टी ठेवून पाहिली, मग दुसरी. बंद. डिस्क बदलली. बंद. लेप पुसून नवा लावला. बंद. काम चालू असताना दर मिनिटाला आतली उष्णता किती, तेही तिनं रकान्यात मांडलं. एकदा बावीस मिनिटं टिकलं, एकदा सहा. आई हसून म्हणायची, "तू डॉक्टर, मी तुझी नर्स." पण सहाव्या मिनिटाला बंद पडलं त्या दिवशी ती हसली नाही. एका दिवसाचं काम पुसलं गेलं होतं.

शेवटी आईनं मेतोदीला बोलावलं.

तो आला, खुर्ची ओढून बसला, झाकण काढलं. त्याची नजर आधी खालच्या कोपऱ्यात गेली, तिथे जरा थांबली. मग वर आली आणि गोंड्यावर पडली. त्याचा चेहरा एकदम खुलला.

"ही बघा! सापडली चेटकीण! लोकर! यंत्राच्या पोटात लोकर! हे कुणी बांधलं?"

"मी," नेवेना म्हणाली. "पण धर्मबाबा, तो पंख्यापासून लांब आहे."

"पंखा वारा ओढतो ना? लोकरीचे तंतू उडतात, आत जाऊन चिकटतात, यंत्र तापतं. झटका बसला आतल्या मुख्य बोर्डाला. झ्लातिना, बोर्ड बदलावा लागेल. तसला बोर्ड बाहेरून मागवायचा, म्हणजे महिना तरी धर. दीडही लागेल."

"दीड महिना?" आई म्हणाली. "कूम, एप्रिलला दालन उघडतंय."

"आता काय करणार? पोरीला रागावू नकोस. लेकरू आहे, हौसेनं केलं." त्यानं नेवेनाच्या डोक्यावर हात ठेवला. "लिही वहीत. कारण, पंख्यात गेलेली लोकर. खाली तुझी सही."

नेवेनानं गोंडा सोडला. तो अगदी जसाच्या तसा होता. तिनं आईकडे पाहिलं. आई रागावली असती तर बरं झालं असतं. ती फक्त खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

नेवेनानं लिहिलं, आणि खाली सही केली. आपण डोळ्यांनी न पाहिलेली गोष्ट लिहितो आहोत हे हातानं कळवलं होतं तिला, पेन्सिल अडखळली होती. पण सांगणारा धर्मबाबा होता. त्याच्या बोलण्यावर शंका घ्यायची म्हणजे आपण कोण?

आईनं संग्रहालयात फोन केला. ते म्हणाले, पुढच्या शुक्रवारपर्यंत नक्की काय ते सांगा, नाहीतर काम दुसऱ्यांना द्यावं लागेल. फोन ठेवून आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ एकच भांडं घासत राहिली. नेवेना दाराआडून बघत होती. आईचं पहिलं मोठं काम माझ्या दोऱ्यानं घालवलं, एवढं एकच तिच्या डोक्यात फिरत होतं. शाळेत पोरांनी मनगटांवरचे गोंडे मोजायचा खेळ मांडला, तेव्हा हिनं बाही खाली ओढून घेतली.

चौथ्या दिवशी तिनं वही उघडली. कशाला? स्वतःची चूक पुन्हा एकदा वाचायला. तुम्हीही करत असाल असं, खपली काढून बघायची सवय बऱ्याच जणांना असते.

वाचता वाचता तिचं बोट उष्णतेच्या रकान्यावर थांबलं. यंत्र तापून बंद पडलं म्हणाले ना धर्मबाबा? पण एकदा ते एकसष्ट अंशांवर बंद पडलं होतं, एकदा सहासष्टवर, आणि सहाव्या मिनिटाला पडलं तेव्हा आकडा होता अठ्ठेचाळीस. अठ्ठेचाळीस म्हणजे असल्या यंत्राला कोमटच. अंगात ताप नाही, आणि म्हणायचं तापानं चक्कर आली?

मग तिनं भाग मोजले. यंत्रात दहा. वहीत तिनं केलेल्या भागांच्या यादीत नऊ. पुन्हा मोजले. दहा आणि नऊ.

"आई, आपण पॉवर सप्लाय तपासलाच नाही."

आईनं चमकून पाहिलं. "तो कूमनं आणलाय."

"म्हणूनच राहिला. आपल्या लक्षातच आलं नाही, की तोही एक भाग आहे."

"नेवेना, कूमनं आणलेली वस्तू तपासायची? लोक तोंडात शेण घालतील आपल्या."

"मी मेमरी तपासली, तेव्हा मेमरी रुसली नाही. डिस्क रुसली नाही. हा डबा का रुसेल?"

आईला नको असताना हसू आलं. मग ते मावळलं. ती बोटानं टेबलावर टकटक करत बसली. थोड्या वेळानं तिनं संग्रहालयातल्या फोटोग्राफर बाईंना फोन लावला. त्यांच्याकडे तेवढ्याच ताकदीचा पॉवर सप्लाय जादाचा पडून होता.

शनिवारी सकाळी त्यांनी तो आणला. आईनं प्लग काढला, जुना डबा सोडवला, नवा बसवला. ती झाकण लावणार, तोच नेवेना म्हणाली, "थांब."

तिनं खिशातून लाल-पांढरा गोंडा काढला आणि पूर्वी होता अगदी तिथेच बांधला.

"अगं, पुन्हा कशाला ते?"

"एका वेळी एकच गोष्ट बदलायची. गोंडा काढला आणि डबाही बदलला, तर कुणामुळे फरक पडला ते कसं कळणार?"

आईनं मोठं काम लावलं. दोघी समोर बसल्या. दहा मिनिटं झाली. पंधरा. एकोणिसाव्या मिनिटाला आईनं नेवेनाचा हात धरला. विसावं गेलं. तिसावं गेलं. दुपारचं जेवण दोघींनी यंत्रासमोर ताटल्या घेऊनच उरकलं. संध्याकाळचे पाच वाजले, तरी पंखे घुमत होते, आणि पडद्यावर जुन्या दालनाची फरशी खडा-खडा करून भरत चालली होती. एक मोर अर्ध्या पिसाऱ्यापर्यंत आला होता. गोंडा आतल्या वाऱ्यावर हळूच डुलत होता.

"तू नव्हतीस," आई म्हणाली. "नेवे, तू काही केलं नव्हतंस. आणि मी त्या दिवशी तुला जवळसुद्धा घेतलं नाही."

तिनं आता घेतलं. नेवेना रडली. तिला वाटलं, संपलं सगळं. मेतोदीनं बिचाऱ्यानं विश्वासानं डबा आणला असेल, आणि दुकानदारानंच त्याला गंडवलं असेल. तिनं तसं बोलूनही दाखवलं. "धर्मबाबांना सांगायला पाहिजे, आई. त्यांना कुणीतरी फसवलंय."

आईनं जुना डबा उचलून उजेडात धरला. त्याच्यावरचं हजार वॉटचं चकचकीत लेबल एका कोपऱ्यात उचललं गेलं होतं, आणि जाळीआड पंख्याच्या पात्यांवर धुळीचे थर होते. जेमतेम दोन आठवडे वापरलेल्या डब्यात वर्षांची धूळ कुठून येणार? आईनं केस वाळवायचं यंत्र आणलं, लेबलाला ऊब दिली. लेबल सावकाश सोललं गेलं.

खाली दुसरं लेबल होतं. जुनं, पिवळट. त्यावर साडेपाचशे वॉट. नऊ वर्षांपूर्वीची तारीख. आणि तारखेवर निळ्या पेनानं काढलेला गोल, गोलात फुली. फुलीचं एक टोक गोलाबाहेर गेलेलं.

आई स्टुलावर बसली.

नेवेनाला त्या दिवशीची मेतोदीची नजर आठवली. झाकण काढल्यावर खालच्या कोपऱ्यात जाऊन थांबलेली. तिथेच हा डबा होता. त्याला ठाऊक होतं. खूण त्याच्याच हातची, त्याचा हात थांबला कसा नाही? आणि तेही एक वेळ राहू दे. खोटा डबा दिला, हे कदाचित मोठ्या माणसांचं काहीतरी असेल, पैशाबियशाचं. पण 'लिही' म्हणाला. 'खाली तुझी सही' म्हणाला. डोक्यावर हात ठेवून म्हणाला. केसानं गळा कापणं म्हणतात ते असं असतं, मुलांनो. कापणाऱ्याचा हात प्रेमानं डोक्यावर असतो, म्हणून मान वाकवूनच आपण उभे असतो.

"बाबांना फोन करते," आई म्हणाली.

"आई, उद्या रविवार."

आईच्या ध्यानातच नव्हतं. मोठ्या उपासाच्या आधीचा, क्षमेचा रविवार. त्या दिवशी धाकटे थोरल्यांच्या घरी जातात, हाताला ओठ टेकून क्षमा मागतात. आणि धर्मपुत्र, धर्मकन्या सगळ्यात आधी जातात ते धर्मबाबाकडे.

"जायचं नाही," आई म्हणाली. "त्या उंबऱ्यावर पाय ठेवायचा नाही."

"मला जायचंय."

"जाऊन काय करणार? क्षमा मागणार त्याची?"

"माहीत नाही," नेवेना म्हणाली. तिला खरंच माहीत नव्हतं. पण तिनं खालचं जुनं लेबलही तशीच ऊब देऊन अलगद सोडवलं, वहीत चिकटवलं, आणि वही दप्तरात ठेवली.

मेतोदीच्या घरात चीज भरून भाजलेल्या पापुद्र्यांच्या पोळीचा, बानित्साचा, वास कोंदला होता. छताला दोऱ्यानं पांढऱ्या हलव्याचा तुकडा टांगलेला. दोन पोरं हात पाठीशी बांधून तो तोंडानं पकडायला उड्या मारत होती. मेतोदीची बायको स्नेझाना बशा मांडत होती. आई दारातच थांबली, कोट न काढता.

"या, या!" मेतोदी खुर्चीतूनच ओरडला. "आमची दोरेवाली आली! स्नेझाना, लोकरीची सगळी पोती लपव गं, नाहीतर ही फ्रीजला मोजे घालील!"

सगळे हसले. नेवेनाच्या हातात संत्रं होतं, रीतीप्रमाणे आणलेलं. तिच्या आधी ती दोन पोरं पुढे झाली. "क्षमा करा, धर्मबाबा." "क्षमा केली रे, देवही करो." हाताला ओठ टेकले, की डोक्यावर एक चापटी आणि पळा हलव्याकडे.

मग तिची पाळी आली. मेतोदीनं हात पुढे केला. मनगटावर तिनं बांधलेला लाल-पांढरा गोंडा अजून होता, जरासा मळलेला.

"चल, माझी बाई. दोऱ्याचंही माफ, सगळंच माफ. म्हण."

नेवेनानं संत्रं टेबलावर ठेवलं. दप्तरातून वही काढली. पान उघडलं. 'कारण, पंख्यात गेलेली लोकर' ह्या ओळीवरून आणि खालच्या सहीवरून तिनं पट्टी धरून एक सरळ रेघ मारली. खोडलं नाही. खाली नव्यानं 'कारण' एवढा एकच शब्द लिहिला आणि पुढची जागा कोरी सोडली. मग वही फिरवून त्याच्यापुढे सरकवली. डाव्या पानावर ते पिवळट लेबल होतं, निळ्या गोलासकट.

मेतोदीचा पुढे केलेला हात तसाच हवेत राहिला.

"काय गं ते?" स्नेझानानं बशी पुसत विचारलं. "चित्र काढलंस?"

"डोळ्यांनी पाहिलं त्यानंच लिहायचं असतं, धर्मबाबा," नेवेना म्हणाली. शब्द एकेक करून नीट आले. "हे मी पाहिलेलं नाही. मी चुकून लिहिलं होतं. तुम्ही पाहिलंय."

तिनं पेन्सिल वहीच्या घडीत ठेवली, त्याच्या हाताशी. टोक स्वतःकडे केलं, तसं करायलाही त्यानंच शिकवलं होतं. मग समोरचं स्टूल ओढलं, त्यावर बसली, दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले, आणि वाट पाहू लागली.